लिंबाचं बिनकार्ड

मास्तरांच्या छतातून एकेचाळीस लिटर पाणी गळलं, हे मी नाकारत नाही. बालदी त्यांची, मोजणी त्यांची, आणि मास्तरांचा आकडा चुकला असं चाळीस वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की, त्या पाण्यापायी मान खाली घालायचं मला काही कारण नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. ज्यांना होतं त्यांनी घातली का, ते पुढे येईलच.

सुरुवात एका लिंबापासून झाली. लिंबू म्हणजे वाटाण्याएवढं, हिरवं, आणि एकच. आमच्या गॅलरीतल्या झाडाला सात वर्षांत धरलेलं पहिलं फळ. हे झाड सासूबाईंनी बी रुजवून बायकोला दिलेलं. सासूबाई गेल्या, झाड राहिलं. त्यामुळे घरात त्या झाडाचं स्थान माझ्या वरचं आहे. याबद्दल माझी तक्रार नाही, कारण सासूबाई होत्या तेव्हाही माझं स्थान हेच होतं. तर ज्या आठवड्यात हे लिंबू दिसलं, त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. जावयांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, दोन आठवडे येऊन राहा. मुलीचं गाव बसने तीन तास.

"मग नर्सबाईंना किल्ली देते," बायको म्हणाली.

नर्सबाई तळमजल्यावर राहतात. त्या इस्पितळातून निवृत्त झाल्या, पण इस्पितळ त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. आम्ही गावाला गेलो की आमच्या झाडांना त्या पाणी घालतात, आणि परत आलो की जिन्यातच एकेका झाडाची केस सांगतात. मागच्या वेळी माझ्या हातातली बॅगही खाली टेकली नव्हती. "भावजी, मिरची वाचली. पण उगाच आशा धरू नका." आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "लिंबू कुंडीत ठेवणं म्हणजे घोड्याला पाळण्यात निजवणं. माझ्या वाफ्यात लावा, मग बघा." त्यांच्या खिडकीखाली एक वाफा आहे. त्याच्या मधोमध त्यांनी दोन वर्षं जागा मोकळी ठेवली आहे. बसायच्या जागेवर रुमाल टाकून ठेवावा तशी तिथे एक वीट ठेवली आहे. ती कुणासाठी, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे.

"किल्ली द्यायची नाही," मी म्हणालो. "या खेपेला झाडं आपलं पाणी आपण पितील."

"म्हणजे मोरीपर्यंत चालत जातील?"

अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही. एकतीस वर्षं मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. तिथे प्रत्येक वस्तूच्या कप्प्याला एक जाड कार्ड लटकवलेलं असतं, त्याला बिनकार्ड म्हणतात. आवक, जावक, शिल्लक, शेरा, सही. कप्प्यात किती बोल्ट आहेत हे बोल्ट मोजून नव्हे, कार्ड वाचून कळतं. बोल्ट खोटं बोलू शकतात. कुणी उचलतो, कुणी चुकीच्या कप्प्यात टाकतो. कार्ड खोटं बोलत नाही. या एका तत्त्वावर मी तीन मॅनेजर आणि असंख्य ऑडिटर पचवले. पाच कुंड्या पचवायला काय हरकत होती?

आपलं पाणी आपण पिणारी कुंडी करणं मुळात सोपं आहे. एका बालदीत दुसरी बालदी बसवायची. खालच्या बालदीत पाणी, वरच्या बालदीत माती. वरच्या बालदीच्या बुडाला मधोमध भोक पाडून त्यात एक प्लास्टिकचा पेला बसवायचा. पेल्याला बारीक छिद्रं पाडायची, त्यात माती दाबून भरायची, आणि तो खालच्या पाण्यात बुडेल असा लोंबता ठेवायचा. ही झाली मातीची जीभ. ती खालून पाणी ओढते, मुळांना लागेल तेवढं देते. कडेने एक नळी उभी करायची, तिच्यातून खालची टाकी भरायची. आत एक थर्मोकोलचा गोळा आणि त्यात खोचलेली विणकामाची सुई. पाणी चढलं की सुई वर, उतरलं की खाली. झाडाची तहान बाहेरून वाचता यावी, अशी सोय. (सुया बायकोच्या होत्या. याची वेगळी नोंद तिच्याकडे आहे.)

बालद्या रंगाऱ्याने दिल्या. तो त्या आठवड्यात जिना रंगवत होता, आणि रिकाम्या बालद्या त्याने एकात एक घालून रचून ठेवल्या होत्या. देताना म्हणाला, "घेऊन जा साहेब, पण सोडवायच्या तुम्ही." मला वाटलं, विनोद करतोय. पण एकात एक गच्च बसलेल्या दोन बालद्या ही काय चीज असते, ते ज्याने ओढलं त्यालाच कळेल. बायको एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. तिने पाय माझ्या पायाला टेकवून जोर लावला. लग्नाच्या पस्तीस वर्षांत आम्ही दोघांनी एकाच गोष्टीसाठी एवढा जोर लावल्याचं मला आठवत नाही. बालदी सुटली तेव्हा बायको सोफ्यावर आणि मी शेल्फवर गेलो.

शेजारच्या गॅलरीतून शिंपी बघत होता. त्याची आणि आमची गॅलरी लागून आहे, मध्ये फक्त गजांची जाळी. त्याचं मशीन जाळीलाच टेकलेलं, त्यामुळे आमच्या घरात जे काही घडतं ते त्याच्या शिवणीतून पार होतं.

"काका, फुंकणीने मधल्या फटीत हवा मारायची होती. लगेच सुटते."

"आता सांगतोस?"

"तुम्ही दोघं इतकं मनापासून ओढत होतात, मध्ये कसं बोलायचं?"

बालद्यांवर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'दोन तासांत वाळतो.' घासून निघालं नाही. शेवटी त्या तशाच वापरल्या. मी मनाला समजावलं की बालदीवर काय छापलंय हे झाडाला वाचता येत नाही. पण मिरचीला येत असावं. कारण लावल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने मान टाकली. खालची टाकी काठोकाठ भरलेली, आणि वर झाड कोमेजलेलं. झालं होतं असं की, माती मी कोरडीच भरली होती. मातीची जीभ आधी ओली लागते. कोरडी जीभ पाणी ओढत नाही. हे कुठेतरी लिहिलेलं असेलच, पण मी लिहिलेलं वाचायच्या आधी काम करतो, आणि कामात चूक निघाली की वाचतो. वरून एकदा नीट पाणी घातलं आणि तिसऱ्या दिवशी मिरची उभी राहिली. नर्सबाई जिन्यात भेटल्या. "ऐकलं मी, भावजी. पाणी घशाखाली, आणि पेशंट तहानेने बेशुद्ध. आमच्याकडे अशा केसला वेगळा वॉर्ड होता."

मी त्याच क्षणी, सहाव्या पायरीवर, रंगाऱ्याच्या साक्षीने जाहीर केलं: "आम्ही चौदा दिवस नसणार. त्या चौदा दिवसांत या झाडांना बाहेरून थेंबभर पाण्याची गरज पडली, तर लिंबू तुमच्या वाफ्यात. मी स्वतः उचलून आणीन."

नर्सबाईंनी खाली जाऊन विटेवरची धूळ झटकली.

घरात गेल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "झाड कुणाचं आहे?" प्रश्न रास्त होता. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि जिन्यात रंग ओला असल्यामुळे तो परत घ्यायला मी कुठे टेकूही शकत नव्हतो.

इतकं झाल्यावर सेक्रेटरी येणार नाहीत, असं कसं होईल? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दिवसा विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतात आणि संध्याकाळी आमच्याकडे तेच करतात. गॅलरीच्या दारात उभे राहून त्यांनी पाची बालद्यांवरून नजर फिरवली. चार लहान, आणि लिंबासाठी एक कापलेला निळा पिंप.

"यात पाणी साठतं?"

"साठतं."

"म्हणजे ही टाकी झाली. एका सभासदाला गॅलरीत एकही टाकी ठेवता येत नाही. तुमच्या पाच आहेत."

"या कुंड्या आहेत."

"वरून कुंडी आहे, खालून टाकी आहे. नियमात वरून बघायचं की खालून, ते लिहिलेलं नाही. म्हणून दोन्हीकडून बघायला हवं." असं म्हणून ते खरंच गुडघ्यावर बसले आणि खालून बघितलं.

शेवटी 'उपटाकी' असा नवा प्रकार निघाला. उपटाकीसाठी अर्ज, तीन प्रती. सोबत आकृती, साठवण, रोजचा खप आणि प्लंबरचं पत्र. अर्जाची मला भीती नाही. उलट बऱ्याच दिवसांनी हात मोकळा झाला. चार लहान टाक्या पाच-पाच लिटरच्या, लिंबाची पंधरा लिटरची. एकूण साठवण पस्तीस लिटर. पाची झाडांचा खप रोजचा दोन लिटर, चौदा दिवसांचा अठ्ठावीस. शिल्लक सात. 'रोजचा दोन लिटर' हा आकडा मी कुठून काढला, हे सेक्रेटरींनी विचारलं नाही. विचारलं नाही ते सांगू नये, हा स्टोअरचा पहिला धडा.

प्लंबर मात्र अडला. त्याने कुंडी चारही बाजूंनी चाचपली आणि विचारलं, "जास्तीच्या पाण्याचं भोक कुठाय?"

"जास्तीचं पाणी होणारच नाही. मी मोजून भरतो."

"साहेब, जगात मोजून भरणारा एकच असतो. बाकीचे नुसते भरतात. ज्या टाकीला जास्तीचं भोक नाही, त्या टाकीला मी सही देत नाही."

मला ते झोंबलं. एवढी नेमकी वस्तू करायची आणि तिला 'चुकलंच तर' म्हणून भोक पाडायचं? नव्या कोऱ्या कोटाला आधीच ठिगळ लावण्यासारखं होतं ते. पण सही हवी होती. म्हणून मी भोकं पाडली, पाची टाक्यांना, पण मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. समोरून दिसायला नकोत. गॅलरीच्या फरशीतली मोरीची जाळी, जिथून पाणी खाली पाइपात जातं, ती पुढच्या बाजूला आहे. आणि मागे भिंत आणि फरशीच्या मध्ये एक बारीक चीर आहे. हे मला ठाऊक होतं. पण जास्तीचं पाणी होणारच नव्हतं ना!

निघायच्या दिवशी मी पाची टाक्या काठोकाठ भरल्या, पाची कुंड्यांना एकेक बिनकार्ड लटकवलं आणि प्रत्येकावर पहिली नोंद केली. लिंबाच्या कार्डावर: आवक पंधरा, जावक शून्य, शिल्लक पंधरा, सही. बायको कुलूप लावून किल्लीसकट जरा मागे रेंगाळली. म्हणाली, गॅस बघून येते. मी बॅगा घेऊन खाली उतरलो. गॅस बघायला पाच मिनिटं लागतात का, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

मुलीकडचे दिवस बरे गेले. जावयांचा गुडघा वाकायला लागला. आठव्या दिवशी मी एका जुन्या सोबत्याला भेटायला जातो म्हणून सकाळी बाहेर पडलो आणि दुपारी उशिरा परतलो. त्या भेटीबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही.

पंधराव्या दिवशी घरी आलो. बॅग दारात टाकून थेट गॅलरी. झाडं टवटवीत! मिरचीला फुलं, टोमॅटोला नवा शेंडा, आणि लिंबू जागच्या जागी, वाटाण्याचं बोराएवढं झालेलं. माझी छाती फुगली. मग सुयांकडे लक्ष गेलं. पाचही सुया टोकापर्यंत वर. म्हणजे टाक्या भरलेल्या. काठोकाठ.

बायको माझ्या खांद्यामागून म्हणाली, "चौदा दिवस प्यायली आणि पाणी कमी झालं नाही? ही झाडं पाणी पितात की देतात?"

उत्तर द्यायच्या आत दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे मास्तर. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. एका हातात बालदी, दुसऱ्या हातात वही. आमच्या गॅलरीखालची आपली गॅलरी बंद करून त्यांनी तिथे अभ्यासिका केली आहे.

"स्टोअरसाहेब," ते शांतपणे म्हणाले, "चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं, एक नळ टाकी भरतो, दुसरा नळ टाकी रिकामी करतो. दुसऱ्या नळाखाली कोण बसलेलं असतं, हे एकाही पोराने विचारलं नाही. मी बसलोय. एकेचाळीस लिटर."

त्या संध्याकाळी आमच्याच बैठकीच्या खोलीत सभा भरली. सेक्रेटरी खुर्चीवर, मास्तर स्टुलावर वही घेऊन, नर्सबाई सोफ्याच्या मधोमध, आणि शिंपी दारात टेकून, जणू तो जाता जाता थांबलाय. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

"उपटाकी क्रमांक एक ते पाचमधून गळती झाल्याचं दिसतं," सेक्रेटरी म्हणाले. "परवानगी रद्द का करू नये?"

मी उभा राहिलो. "पस्तीस लिटरच्या टाक्यांतून एकेचाळीस लिटर गळलं, आणि टाक्या अजून भरलेल्या आहेत. मी निघताना पस्तीस भरले. उरलेलं पाणी कुठून आलं, याचा आधी खुलासा व्हावा. माझ्या घराला कुलूप होतं."

सगळे एकदम छताकडे बघायला लागले. छताला पाहण्यासारखं काही नव्हतं.

मास्तरांनी वही उघडली. "सोपं उदाहरण आहे. यांच्या अर्जाप्रमाणे झाडं अठ्ठावीस लिटर प्यायली. माझ्याकडे एकेचाळीस आले. टाक्या होत्या तशा भरलेल्या. म्हणजे या चौदा दिवसांत बाहेरून अठ्ठावीस अधिक एकेचाळीस, एकोणसत्तर लिटर पाणी पडलं. कुणी घातलं?"

"थोडं उडूनही गेलं असेल," सेक्रेटरी म्हणाले.

"उत्तर चुकलं की मुलंही असंच म्हणायची," मास्तर म्हणाले. "कुणी घातलं?"

नर्सबाईंनी पदर सारखा केला. "मी घातलं. तीन बालद्या, तीन खेपांत. दहा-दहा लिटर."

"किल्ली कुणी दिली?" मी विचारलं.

"मी दिली," उंबऱ्यातून आवाज आला. "गॅस बघायला गेले होते तेव्हा."

घाव कुठून बसेल हे माणसाला आधी कळत नाही. मी घोटभर पाणी प्यायलो. तेवढंच पाणी त्या दिवशी योग्य ठिकाणी गेलं.

"आणि तुम्ही सुया बघितल्या नाहीत? टाक्या भरलेल्या होत्या!"

"भावजी, तीस वर्षं वॉर्डात काढली मी. पेशंट म्हणतो मी ठीक आहे, काटा म्हणतो ठीक आहे, आणि पेशंट जातो. मी पान बघते. पान जरा सुस्त वाटलं."

"तीस लिटर," मास्तरांनी लिहिलं. "उरले एकोणचाळीस."

दारातून शिंपी खाकरला. "माझं थोडं आहे. जाळीतून नळी घालून, एक मग. रोज. सकाळी दात घासताना."

"दात घासताना?" बायको पुढे आली.

"नाही नाही काकू, मग वेगळा होता! अहो, डोळ्यांसमोर कुणाचं झाड उपाशी कसं ठेवायचं? घास उतरत नाही."

"एक मग म्हणजे एक लिटर, चौदा दिवस," मास्तर म्हणाले. "उरले पंचवीस."

आता सगळ्यांची नजर सेक्रेटरींकडे गेली. त्यांच्याकडे प्रत्येक घराची आणीबाणीची किल्ली असते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी तपासणीसाठी आत गेलो होतो. अधिकृतपणे. कार्डांवर पाच दिवस एकही नोंद नव्हती. कागदावर नोंद नाही म्हणजे पाणी दिलेलं नाही, असा कोणीही अर्थ काढील. समितीच्या वतीने दहा लिटर दिले."

"सुई वर होती ना पण?"

"सुई हा पुरावा होत नाही."

एक सांगतो, त्या क्षणी या माणसाबद्दल मला पहिल्यांदा आपुलकी वाटली. पण ती मी चेहऱ्यावर येऊ दिली नाही. मी चेहऱ्यावर विजय आणला होता आणि तिथे जागा नव्हती.

"ऐकलंत?" मी म्हणालो. "गळती कुंड्यांची नाही, तुमच्या अविश्वासाची आहे! मी पस्तीस लिटरची वस्तू केली. तुम्ही तिच्यात तुमची दया ओतलीत, काळजी ओतलीत, समिती ओतलीत. आता ती मास्तरांच्या डोक्यावर पडली, तर त्याला मी काय करू?"

"थांबा," मास्तर म्हणाले. त्यांची पेन्सिल वहीवर टेकलेली होती. "तीस, चौदा, दहा. चोपन्न. मला एकोणसत्तर हवेत. पंधरा लिटर कमी पडतात."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी या खेपेला छताकडे बघितलं. किंचित जास्तच, असं नंतर मला सांगण्यात आलं.

"पंधरा म्हणजे लिंबाची पूर्ण टाकी," मास्तर पुटपुटले. "कुणीतरी एकाच वेळी, एकाच कुंडीत, बरोब्बर पंधरा लिटर घातलेत. मोजून."

जगात मोजून भरणारा एकच असतो, हे प्लंबरने सांगितलं होतं; सुदैवाने तो सभेला नव्हता. पण बायको होती. ती उंबऱ्यातून उठली, गॅलरीत गेली आणि लिंबाचं बिनकार्ड घेऊन आली. चष्मा लावून तिने मोठ्याने वाचलं:

"आठवा दिवस. आवक, पंधरा लिटर. शेरा: कार्डाप्रमाणे शिल्लक निम्मी असायला हवी, सुई पूर्ण दाखवते. सुई अडकली आहे. सही." तिने चष्मा कपाळावर सरकवला. "सहीखाली वेळ पण लिहिलीय. सकाळी साडेअकरा." मग गॅलरीकडे हात करून म्हणाली, "म्हणजे तुमचा जुना सोबती तो हा होय!"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. हो, मी गेलो होतो. तीन तास बसने जाऊन, मागच्या जिन्याने वर चढून, माझ्याकडच्या किल्लीने माझ्याच घरात चोरासारखा शिरलो होतो. सात दिवस मला एकच दिसत होतं: ते वाटाण्याएवढं लिंबू, गळून फरशीवर पडलेलं, आणि त्याच्याकडे बघणारी बायको. सुई वर होती, हे मी पाहिलं. पण हिशेबाने ती वर असणं शक्य नव्हतं. एकतीस वर्षांत माल आणि कार्ड जुळलं नाही तेव्हा मी कधी कार्डावर संशय घेतला नाही. आता काय घेणार होतो? पंधरा लिटर ओतले. ते सगळे मागच्या भोकातून, चिरेतून, मास्तरांच्या वहीत गेले असणार. आणि ओतल्यावर नोंद न करता निघून जाणं मला जमलं नाही. गुन्हा जमला, ते जमलं नाही.

शिंपी हसायला लागला. सेक्रेटरी म्हणाले, "सहा तास प्रवास करून पाणी घातलंत? यापेक्षा किल्ली द्यायची होती."

नर्सबाई उठल्याच. "मग ठरलं, भावजी. गरज नव्हती तर तुम्ही स्वतः कशाला आलात? लिंबू खाली. तुम्ही स्वतः उचलून आणणार होतात."

बायकोने कार्ड छातीशी धरलं. तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की इथे मान खाली गेली, तर झाडही खाली जाणार.

"हो, घातलं!" मी म्हणालो. "धीर सुटला म्हणून घातलं. धीर माझा सुटला, झाडाचा नाही. पण एक लक्षात घ्या. या खोलीत चौघांनी पाणी घातलंय. नोंद एकाचीच आहे. तारखेसकट, वेळेसकट, चुकीच्या शेऱ्यासकट. आता मास्तरांनी सांगावं. आम्ही चौघंही घरी बसलो असतो तर काय झालं असतं?"

मास्तरांनी बेरीज-वजाबाकी केली. करायची गरज नव्हती, पण त्यांना सवय आहे. "पस्तीसातून अठ्ठावीस गेले. सात उरले असते. गरज कुणाचीच नव्हती."

अठ्ठावीस हा आकडा माझ्याच अर्जातला, मीच अंदाजाने टाकलेला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. पण मला कुणी विचारलं नाही.

"आणि भोक नसतं," मास्तर वही मिटत म्हणाले, "तर मुळं कुजून झाड आठवड्यात गेलं असतं. इतकं प्रेम कुठल्याच झाडाला सोसत नाही." हे श्रेय प्लंबरचं आहे, आणि ते मी इथे देतो. तोंडावर देणार नाही.

नर्सबाई खाली बसल्या. सभेने ठराव केला: भोकं पुढच्या बाजूला घ्यावीत, मागची चीर सभासदाने बुजवावी, आणि यापुढे उपटाकीत जो पाणी घालील त्याने बिनकार्डावर नोंद करावी. पेन दोरीने बांधून ठेवण्याची जबाबदारी माझी. हा ठराव सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने तीन प्रतींत लिहिला. मास्तरांचं छत मी शिडीवर चढून स्वतः रंगवलं. रंग दोन तासांत वाळला.

लिंबू पाच महिन्यांनी पिवळं झालं. ज्या सकाळी बायकोने ते तोडलं, त्या सकाळी मी सुरी काढून ठेवली होती. तिने ते पदराला पुसलं, हुंगलं, क्षणभर तशीच उभी राहिली. मग कार्ड काढून लिहिलं: जावक, लिंबू, एक. घेणार: तळमजला.

"सात वर्षांचं पहिलं लिंबू," मी म्हणालो, "आणि ते प्रतिपक्षाला?"

"तीन वेळा तीन मजले चढली ती, त्या वयात. तुमच्या कार्डावर ते कुठे लिहिलंय?"

"मजल्यांचा रकाना नाही."

"म्हणूनच. करा सही."

केली. पण शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं: निषेधासह. ते कार्ड आजही झाडाला लटकलेलं आहे. आम्ही परवापासून पुन्हा दोन आठवडे मुलीकडे चाललोय. माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास नसेल, तर खुशाल वर जाऊन बघावं. किल्ली नर्सबाईंकडे आहे.